फेरफार कोणाच्या बाजूचा?

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा समीक्षक एकीकडे आणि प्रेक्षक दुसरीकडे, असे चित्र उभे राहिले. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या आयुष्यावरच्या या चित्रपटाची इंग्रजी वृत्तपत्रांतली परीक्षणे संमिश्र होती, काही तर कडवट. प्रेक्षकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतले. जगभरात त्याने नव्वद कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि रामी मालेकच्या अभिनयासह चार ऑस्कर मिळवली. त्या यशापुढे समीक्षकांचे आक्षेप कोत्या मनाचे वाटू लागले. पण ते आक्षेप पुन्हा तपासावेत इतके महत्त्वाचे आहेत, कारण गायकांवरचे चरित्रपट आता आपल्याकडेही येत आहेत आणि ते पाहायचे कसे हे आपल्याला ठरवायचे आहे. अनेक परीक्षणांनी सनावळीतल्या चुका दाखवल्या. चुका खऱ्याच आहेत. पण निव्वळ त्या मोजल्याने चित्रपटाचे मोल ठरत नाही. प्रत्येक फेरफार कोणाच्या बाजूने झुकतो आणि त्यातून दोष कोणाच्या माथी येतो, हे पाहणे ही चरित्रपटाची खरी कसोटी आहे.

या कसोटीवर चित्रपटाचा उत्तरार्ध पाहू. फ्रेडी एकट्याने रेकॉर्ड काढण्याचा करार करतो, साथीदारांना तो विश्वासघात वाटतो, बँड फुटतो, फ्रेडी म्युनिकमध्ये व्यसनांत बुडतो आणि अखेर माफी मागून परततो, मग ‘लाइव्ह एड’ या मैफलीत बँड पुन्हा एकत्र येतो, असा तो कथाभाग आहे. प्रत्यक्षात ड्रमवादक रॉजर टेलरचा स्वतंत्र अल्बम १९८१ मध्येच आला होता आणि गिटारवादक ब्रायन मेने १९८३ मध्ये स्वतःचा प्रकल्प केला होता. फ्रेडीचा अल्बम त्यानंतर, १९८५ मध्ये आला. बँड तेव्हा फुटलेला नव्हता. ‘द वर्क्स’ हा त्यांचा अल्बम १९८४चा. १९८५च्या जानेवारीत ते रिओमधल्या महोत्सवात वाजवत होते आणि मे महिन्यात जपानचा दौरा संपवत होते. १३ जुलैच्या ‘लाइव्ह एड’ मैफलीत पुनर्मीलन होण्याइतकी ताटातूट झालेलीच नव्हती. त्याहून गंभीर फेरफार आजाराबद्दलचा आहे. चित्रपटात फ्रेडी त्या मैफलीच्या तालमीत साथीदारांना एड्स झाल्याचे सांगतो. त्याचा जोडीदार जिम हटन याने मात्र निदान १९८७ मध्ये झाल्याचे लिहून ठेवले आहे. निदानाचा काळ आधी ओढल्याने आजार थेट त्या ‘भरकटलेल्या’ काळाला चिकटतो. बँडचे घर सोडले, समलिंगी पुरुषांच्या संगतीत राहिला, म्हणून आजार झाला, अशी कार्यकारणाची साखळी कोणी न बोलताही प्रेक्षकाच्या मनात तयार होते. या चुका स्वैर नाहीत. त्या एकाच दिशेला जातात: गायकाचे स्वातंत्र्य हा गुन्हा ठरतो आणि बँडकडे परतणे हे प्रायश्चित्त.

चित्रपट काय गाळतो, यातही हीच दिशा दिसते. फारुख बुलसारा १९४६ मध्ये झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मला. शिक्षणासाठी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. तिथे तो पियानो शिकला, तिथेच त्याचे ‘फ्रेडी’ झाले आणि मित्रांबरोबरचा त्याचा पहिला बँड, ‘द हेक्टिक्स’, तिथेच उभा राहिला. १९६४च्या झांझिबारमधल्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. लहान वयात घरापासून तोडलेला, तीन खंडांत वाढलेला मुलगा रंगमंचावर स्वतःला नव्याने घडवतो, हे त्याच्या कलेचे मूळ असू शकते. चित्रपटाची कथा मात्र १९७० मध्ये, तो बँडला भेटतो तिथे सुरू होते. मागचे सगळे संवादांतल्या उल्लेखांवर निभावले जाते. शेवटही १९८५ला होतो. त्यामुळे मोन्सेरात काबाय्ये या ऑपेरा गायिकेबरोबर त्याने केलेले ‘बार्सिलोना’ उरत नाही, आणि आजारपणात गात राहून पूर्ण केलेला १९९१चा ‘इन्युएन्डो’ही उरत नाही. बँडच्या आधीचे आणि बँडपलीकडचे आयुष्य कापून उरलेला माणूस आपण पाहतो.

असे का झाले, याचे कारण गाण्यांच्या हक्कांत आहे. गायकाचा चरित्रपट त्याच्या गाण्यांशिवाय उभा राहत नाही आणि गाणी ज्यांच्या ताब्यात असतात त्यांच्या परवानगीशिवाय ती मिळत नाहीत. या चित्रपटाच्या संगीताची सूत्रे ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याकडेच होती. फ्रेडीच्या भूमिकेसाठी आधी ठरलेला साशा बॅरन कोहेन आशयावरच्या मतभेदांमुळे २०१३ मध्ये बाहेर पडला, हेही जाहीर आहे. यात कोणाचे कपट शोधण्याची गरज नाही. प्रत्येक माणूस आपल्या आठवणीत स्वतःला जरा समजूतदारच ठेवतो. पण एकाच्या आठवणीला कोट्यवधींचे भांडवल आणि मूळ गाण्यांचा आवाज मिळतो आणि दुसरा २४ नोव्हेंबर १९९१ रोजीच वारलेला असतो, तेव्हा ती आठवण हाच इतिहास होऊन बसतो.

यावरचा पहिला आक्षेप असा, की चित्रपट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे; दोन तासांत आयुष्य बसवायचे तर घटना पुढेमागे करणे आलेच. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचा पुरावा लगेच पुढच्या वर्षी मिळाला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मूळ दिग्दर्शकाला चित्रीकरण सुरू असतानाच काढल्यावर काम पुरे करणाऱ्या डेक्स्टर फ्लेचरनेच २०१९ मध्ये एल्टन जॉनवर ‘रॉकेटमॅन’ केला. त्यात गाण्यांचा कालक्रम सर्रास मोडला आहे, माणसे हवेत तरंगतात. तरी समीक्षकांनी तो अधिक सच्चा मानला. तिथले स्वातंत्र्य नायकाचे व्यसन, संताप आणि एकटेपणा उघड करण्यासाठी घेतलेले आहे. एल्टन स्वतः कार्यकारी निर्माता होता, म्हणजे परवानगी हाच दोष असेही म्हणता येत नाही. जिवंत माणूस स्वतःची अब्रू स्वतःच्या हाताने पणाला लावू शकतो. मृताची अब्रू दुसरे कोणी पणाला लावते तेव्हा पुराव्याची जबाबदारी कितीतरी वाढते.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांच्या वतीने घेतला जातो: लोकांचे डोळे पाणावले, एका नव्या पिढीला ही गाणी भेटली, मग समीक्षकांनी नाक का मुरडावे? प्रेक्षकांचा आनंद खोटा नव्हता. वेम्बली स्टेडियमवरची ‘लाइव्ह एड’ मैफल हुबेहूब उभी करणारा शेवटचा भाग थरारून टाकतो आणि मालेकच्या देहबोलीचे कौतुक कडक समीक्षकांनीही केले. पण त्या भागात ऐकू येणारा आवाज मुख्यतः खुद्द फ्रेडीचा आहे. आपल्याला हलवते ती त्याची कला. पटकथेने त्याच्यावर ठेवलेला ठपका त्या कलेच्या भरात नकळत पदरात पडतो. म्हणूनच समीक्षकाची गरज आहे. टाळ्यांना खोटे न ठरवता त्या नेमक्या कशाला मिळाल्या, हे त्याने वेगळे करून सांगायचे असते.

आपल्याकडे २०११ चा ‘बालगंधर्व’ आणि २०२२ चा ‘मी वसंतराव’ हे दोन्ही चित्रपट प्रेमाने पाहिले गेले. पहिल्यासाठी आनंद भाटे आणि दुसऱ्यासाठी राहुल देशपांडे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दुसऱ्यात तर नातवानेच आजोबांची भूमिका केली. हे नाते गाण्याची जाण देते, तशी भक्तीही देते. आणि मराठी मनात गायकाबद्दलची भक्ती मुळातच मोठी आहे. म्हणून आपल्या परीक्षणांनी ‘आवाज जुळला का’ आणि ‘वेशभूषा शोभली का’ इथे थांबू नये. कथा कोणाच्या आठवणीतून आली, कोणती माणसे गाळली गेली, कोणाला खलनायक केले आणि त्यातून कोण निर्दोष सुटले, हे त्यांनी प्रत्येक वेळी विचारावे. त्याने गायकाचा मान कमी होत नाही. ज्याच्या गाण्याने आपल्याला इतके दिले, त्याच्या आयुष्याबद्दल खरे काय ते जाणून घेण्याचे कष्ट घेणे, हे त्याच्या ऋणाची जाणीव असलेल्या श्रोत्याचे कर्तव्यच आहे.