डंपरखाली शिरण्याआधी ऐक

गुरुवारी संध्याकाळी सारोलीच्या रस्त्याला एका गॅरेजसमोर डंपरखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले आणि ते तुझे निघाले. मागचा एक्सल एका बॉटल जॅकवर उचललेला. खाली आधाराची घोडी नाही, पुढच्या चाकाला अडवणारा गुटका नाही, आणि तू छातीपर्यंत आत. हाक मारली तर हसत बाहेर आलास आणि म्हणालास, "सर, दोन मिनिटांचं काम होतं." हसतोस कशाला? जॅकचं सील फुटायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दहा चाकी डंपर रिकामा उभा असला तरी दहा टनांच्या आसपास भरतो. तू आठ वर्षं ज्यांच्याखाली झोपलास त्या गाड्या टनभराच्या होत्या. त्यांच्याखालीही घोडी लावल्याशिवाय शिरू नकोस, हे मी तुला आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. तेव्हा मान डोलावली होतीस.

तू कारचं काम सोडून इकडे का आलास ते मला समजतं, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पर्वत पाटियात दर चार दुकानांमागे एक कार गॅरेज झालं आहे. नवी गाडी घेणारा वॉरंटी संपेपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपचीच पायरी चढतो, आणि बॅटरीच्या गाडीला ऑइल बदलायचंच नसतं. उलट कापडाच्या गाठी ट्रकनेच जाणार, हजिऱ्याचं लोखंड ट्रेलरनेच निघणार. कडोदऱ्याच्या चौफुलीवर रात्री उभं राहिलं तर काम कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसेल. तुझा हिशेब बरोबर आहे. संताप येतो तो तुझ्या ऐटीचा. तिथल्या पोरांना तू सांगितलंस म्हणे, "ब्रेक तो ब्रेकच, फक्त पाना मोठा." हे वाक्य तू बोललास हे कळल्यापासून मला झोप नाही.

ब्रेक तो ब्रेकच? मग सांग, कारच्या ब्रेकमधलं ऑइल गळालं तर काय होतं? ब्रेक लागत नाही. आणि या डंपरच्या टाकीतली हवा संपली तर? मागची चाकं जाम होतात. कारण मागच्या बूस्टरमध्ये एक जाडजूड स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. हवा तिला मागे रेटून धरते. हवा उतरली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आवळते. इथे सगळं उलटं आहे, आणि ते उलटं आहे हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय तू त्या बूस्टरला हात लावायचा नाहीस. बूस्टरच्या मागच्या बोल्टने स्प्रिंग आधी बांधून घ्यायची असते. ती न बांधता कुणी वरचा पट्टा खोलला, तर झाकण तोफगोळ्यासारखं सुटतं आणि समोर जे असेल ते घेऊन जातं. त्यात माणसं मेलेली आहेत. आणि स्प्रिंग बांधलीस म्हणजे गाडीचा हँडब्रेकही काढलास, म्हणून त्याआधी चाकांना गुटके. हा क्रम आहे. तो मागेपुढे झाला तर कुणीतरी चिरडला जातो.

आता स्लॅक, म्हणजे लायनर झिजला की ब्रेक आवळून घ्यायचा अ‍ॅडजस्टर. कारमध्ये पेडलखालीच कळतं की ब्रेक खोल गेला. ट्रकच्या ड्रायव्हरला तसं कळत नाही. लायनर झिजला, स्लॅक सैल राहिला, बूस्टरची दांडी जास्त बाहेर येऊ लागली, तरी समोरचा काटा पूर्ण हवा दाखवतो. तो बिचारा काट्यावर विश्वास ठेवून निघतो. धुळ्याकडून परतताना कोंडाईबारीचा घाट उतरायला लागतो. ड्रम तापतो, तापला की फुगतो, दांडीला आणखी लांब यावं लागतं आणि एका क्षणी ती पोहोचतच नाही. काटा तेव्हाही पूर्ण असतो. तो घाट तुझ्याच गावाच्या वाटेवर आहे. दिवाळीला, अक्षय्य तृतीयेला तू बायको-पोरांना घेऊन ज्या एसटीने धुळ्याकडून परततोस, ती त्या ट्रकच्या पुढेच असते. 2018 साली सरकारने एक्सलवरचा भार वाढवला तेव्हापासून मोठ्या ट्रेलरला 49 ऐवजी 55 टनांपर्यंत परवानगी आहे. तेवढं वजन उतारावर तू आवळलेल्या स्लॅकच्या भरवशावर असतं. एका बाजूचा जास्त आवळला, दुसरीकडचा कमी, तर ब्रेक दाबताच गाडी आडवी येते. म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या. डोळ्यांनी अंदाज नाही, पट्टीने.

टायरचंही तेच. कारमध्ये तीस-बत्तीस पाउंड हवा भरून तू बोट लावून बघायचास. इथे शंभराच्या वर जाते. ट्यूबवाल्या जुन्या चाकाला लोखंडी लॉक रिंग असते, ती नीट बसली नाही तर भरता भरता उडते. चाक पिंजऱ्यात ठेवून किंवा साखळीने बांधूनच हवा भर, आणि समोर उभा राहू नकोस. डंपरचा डाला वर उचललेला असेल तर खालचा टेका लावल्याशिवाय चेसिसमध्ये डोकं घालायचं नाही. होज फुटला तर तो डाला तुझी वाट बघत थांबणार नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडचा पावसाळा तुला माहीत आहे. मिठी खाडी भरली की पर्वत गाव आणि लिंबायतपर्यंत पाणी शिरतं. त्यातून आलेल्या ट्रकचं इंजिन लोक तपासतात आणि मागच्या एक्सलचं हौसिंग विसरतात. ऑइल दुधासारखं पांढरं झालंय का बघ, हबचं ग्रीस धुऊन गेलंय का बघ. आणि पाऊस असो वा नसो, हवेच्या टाक्यांमधलं पाणी रोज काढायला ड्रायव्हरला शिकव. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं, ते व्हॉल्व्ह गंजवतं. खर्च तिथेच वाचतो, पण हे कुणी करत नाही.

आणि ज्याची तुला लाज वाटायला हवी ती गोष्ट म्हणजे तुझ्याकडचं जे खरोखर कामाचं होतं ते तू घरी ठेवून गेलास. एप्रिल 2020 पासूनचे ट्रक बीएस-6 आहेत. त्यात सेन्सर आहेत, युरियाची टाकी आहे, धुराचा फिल्टर आहे. युरियाची नळी तुंबली किंवा कुणी टाकीत पाणी ओतलं की गाडीची ताकद मुद्दाम कमी केली जाते. जुने उस्ताद तिथे हातोडा घेऊन उभे राहतात. तुला स्कॅनर वाचता येतो, वायरिंगचा नकाशा कळतो. फक्त इथे बारा नव्हे, चोवीस व्होल्ट आहेत, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, हे विसरून कारचा बल्ब किंवा रिले लावू नकोस. आणि चेसिसला वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची तार आणि संगणकाचा प्लग काढ, नाहीतर मालकाचं मोठं नुकसान होईल. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला आहे. एसीचं काम तुझ्याइतकं स्वच्छ करणारा माझ्या वर्गातून दुसरा निघाला नाही. त्या जोरावर तू तिथे मान मिळवू शकतोस. पण तू एसीचे गेज कपाटात ठेवलेस आणि पहिल्याच आठवड्यात डंपरखाली शिरून मर्दपणा दाखवायला निघालास.

दुरुस्ती झाल्यावर गाडी चालवून कोण बघतं? तू? तुझ्या खिशातलं लायसन्स हलक्या वाहनाचं आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ती हद्द साडेसात हजार किलोंची आहे. त्याच्या वरची गाडी तू रस्त्यावर घेऊन गेलास आणि कुणाला धक्का लागला, तर मालक हात झटकेल आणि विमा कंपनी कागद मागेल. हेवी लायसन्स मिळेपर्यंत ड्रायव्हरला चालवू दे, तू शेजारी बसून ऐक.

म्हणून मी सांगतो ते कर. तिथे उस्ताद म्हणून गेला असशील तर उद्या जाऊन सांग की मी हेल्पर म्हणून काम करीन. वयाने लहान असलेला फिटर तुला पाना आणायला सांगेल, आण. त्याला हवेच्या ब्रेकचं विचारताना मान खाली जाते असं वाटत असेल तर जाऊ दे. एक पावसाळा, एक उन्हाळा त्याच्या हाताखाली काढ. घोड्या आणि गुटके नसलेल्या जागी काम करायचं नाही. मालक म्हणाला की वेळ नाही, तर माझा नंबर दे त्याला, मी बोलतो. उधन्याच्या लूमवर तुझ्या वडिलांचं बोट गेलं तेव्हा मालकाने चहाही पाजला नव्हता, हे तुझ्या आईने मला सांगितलंय. तिला दुसऱ्यांदा दवाखान्याच्या बाकावर बसवू नकोस.

वर्षभर पगार कमी येईल. हे घरी सांगितलंस का? तुझ्या तोंडावरून दिसतंय की नाही सांगितलं. आज जेवायच्या आधी सांग, हप्त्यांचं सगळं मांडून सांग. मग रविवारी सकाळी हलकं लायसन्स आणि आधार कार्ड घेऊन माझ्याकडे ये, हेवीचा अर्ज मी समोर बसून भरून घेतो.