सत्तावन्नाव्या क्रमांकाचा खेळाडू

व्यावसायिक संघ जिंकला म्हणजे खेळाडूंच्या उपजत गुणांचे गोडवे गावयाचे आणि हरला म्हणजे अपयशाचे खापर प्रशिक्षकाच्या माथी फोडून त्याला बरखास्त करावयाचे, ही जी रीत अमेरिकेतील बास्केटबॉलपासून आपल्याकडील क्रिकेट-कबड्डीपर्यंत सर्वत्र रूढ झाली आहे, तिच्या मुळाशी विचारापेक्षा सोयच अधिक आहे. कारण करारांनी बांधलेल्या पंधरा-वीस खेळाडूंना एका सकाळी घरी पाठविणे मालकाला परवडत नाही, एका माणसाला पाठविणे परवडते. तथापि सोयीतून जन्मलेल्या या रिवाजामुळे एक खरा प्रश्न मात्र झाकला जातो. यशात गुणाचा वाटा किती आणि गुण हाताळणाऱ्याचा किती, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

जयपुरात बसून हा हिशेब मांडावयाचा तर बास्केटबॉलच्या दप्तरात फारसे काही सापडणार नाही, हे आधीच कबूल केले पाहिजे. राजस्थानात हा खेळ जुना आणि प्रतिष्ठेचा आहे. खुशीरामसारख्या खेळाडूला १९६७ सालीच अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि जैसलमेरच्या वाळवंटात आजही बास्केटबॉलची सरकारी अकादमी उंच मुलांना घडविते. पण हा सारा विस्तार गिरण्या, रेल्वे आणि पोलिस खाते यांच्या नोकऱ्यांच्या आधाराने झाला. मालक, लिलाव आणि हंगामी करार ही व्यवस्था या शहरात आली ती २००८ साली क्रिकेटच्या आणि २०१४ साली कबड्डीच्या वाटेने. म्हणून सिद्धांत बास्केटबॉलचा घ्यावा आणि त्याची परीक्षा सवाई मानसिंह मैदानावर करावी, हेच येथे श्रेयस्कर.

बास्केटबॉलमध्ये एका बाजूने एका वेळी पाचच माणसे खेळतात, आणि त्यांतील सर्वोत्तम माणूस अठ्ठेचाळीस मिनिटांपैकी पस्तीस-चाळीस मिनिटे मैदानावर असू शकतो, चेंडूही बव्हंशी त्याच्याच हाती राहतो. त्यामुळे एकट्याच्या पराक्रमाने निकाल फिरण्याची शक्यता या खेळात जितकी, तितकी दुसऱ्या कोणत्याही सांघिक खेळात क्वचितच असेल. गंमत अशी की प्रशिक्षकाला हस्तक्षेपाचे अधिकारही याच खेळात भरपूर आहेत. तो खेळ थांबवू शकतो, हवा तेव्हा माणूस बदलू शकतो, सीमारेषेवर उभा राहून ओरडू शकतो. आणि एवढे अधिकार असूनही गुणापुढे त्याचे काय चालते, याचे उत्तर सॅन अँटोनियोच्या ग्रेग पॉपोविचने स्वतःच्या कारकिर्दीनेच देऊन ठेवले आहे. १९९६ च्या डिसेंबरात, संघाचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीने ग्रस्त असताना, त्याने सूत्रे हाती घेतली, आणि त्या हंगामात त्याच्या हाताखाली संघाने १७ सामने जिंकले व ४७ गमावले. त्या दारुण अपयशामुळेच नव्या खेळाडूंच्या निवडीच्या सोडतीत शिरकाव झाला आणि पहिला हक्क मिळाला, टिम डंकन आला, रॉबिन्सन परतला, आणि पुढच्याच हंगामात ५६ विजय नोंदले गेले. पुढे याच प्रशिक्षकाने पाच अजिंक्यपदे मिळविली. डंकन निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी, २०२२-२३ आणि २०२३-२४ या लागोपाठच्या दोन हंगामांत, त्याच वयोवृद्ध आणि अधिकच अनुभवी पॉपोविचच्या संघाने प्रत्येकी २२ सामने जिंकले व ६० गमावले. मधल्या काळात तो आपली विद्या विसरला, असे कोणीही म्हणणार नाही.

दुसरा दाखला गोल्डन स्टेटचा. २०१५-१६ च्या हंगामात तेथील प्रशिक्षक स्टीव्ह कर पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे रजेवर असताना ल्यूक वॉल्टन या त्याच्या तरुण साहाय्यकाने पहिल्या ४३ सामन्यांपैकी ३९ जिंकून दाखविले. त्या बळावर त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सने मोठ्या सन्मानाने नेमले, आणि तेथे तीन हंगामांत त्याच्या पराभवांची संख्या विजयांपेक्षा खूपच अधिक भरली. गोल्डन स्टेटचा स्टीफन करीसारखा खेळाडू सोबत नेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या दोन दाखल्यांवर थांबलो असतो तर निकाल सरळ होता. पण जयपूरची कैफियत इतकी सरळ नाही.

२००८ च्या जानेवारीत क्रिकेटच्या आठ शहरांच्या संघांचा लिलाव झाला तेव्हा जयपूरचा संघ सर्वांत स्वस्तात, ६ कोटी ७० लाख डॉलरांना गेला; मुंबईला त्याहून साडेचार कोटी डॉलर अधिक पडले होते. जयपूरच्या मालकवर्गातील प्रमुख, धुळ्यात जन्मलेले आणि इंग्लंडात वाढलेले मनोज बदाले यांनी खेळाडूंच्या बाजारातही हात आखडताच ठेवला. शेन वॉर्न, जो तोवर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला होता, त्याला मूळ बोलीच्या साडेचार लाख डॉलरांतच घेतले. शेन वॉटसनला सव्वा लाखात आणि सोहेल तन्वीरला एक लाखात. ज्या लिलावात एकट्या धोनीला पंधरा लाख मिळाले, त्यात ही खरेदी म्हणजे बाजार उठताना उरलेली भाजी घेण्यासारखीच दिसली. पहिलाच सामना दिल्लीकडून नऊ गड्यांनी हरल्यावर टीकाकारांनी फैसला देऊन टाकला.

त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे. साखळीतील १४ पैकी ११ सामने जिंकले, जयपुरातले सातच्या सात, आणि १ जून रोजी नव्या मुंबईत नेरूळच्या मैदानावर चेन्नईविरुद्ध शेवटच्या चेंडूवर अजिंक्यपद मिळविले. वॉर्न कर्णधार होता आणि प्रशिक्षकही होता. क्रिकेटमध्ये या दोन हुद्द्यांची जी फाळणी असते, एकाने खोलीत बेत आखावयाचा आणि दुसऱ्याने मैदानावर तो मोडावयाचा, ती येथे नव्हती. हुकूम देणारा आणि तो अमलात आणणारा एकच मुखत्यार होता. बास्केटबॉलच्या इतिहासात याला एक थोर पूर्वज आहे. बॉस्टनचा बिल रसेल हा १९६८ आणि १९६९ ची अजिंक्यपदे खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत जिंकला होता.

वॉर्नने शिकविले काय? तंत्राच्या दृष्टीने फारसे काही नाही, कारण दीड महिन्याच्या मुदतीत कोणाची फलंदाजी घडत नसते. त्याने माणसे ओळखली आणि नेमली. एकोणीस वर्षांचा रवींद्र जडेजा बसला उशिरा येत असे. वॉर्नने आत्मचरित्रात सांगितले आहे, की असा उशीर पुन्हा झाला तेव्हा सरावाहून परतताना त्याने बस वाटेत थांबविली आणि जडेजाला उतरवून हॉटेलपर्यंत चालत यावयास सांगितले. एक सहखेळाडू त्यावर काही बोलला, तर त्यालाही सोबत म्हणून उतरविले. त्यानंतर उशीर कोणी केला नाही. हा कडकपणा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला त्याच पोराच्या गुणांची जाहीर स्तुती. शिस्त आणि विश्वास यांचे असे मिश्रण एखाद्या कसलेल्या मामलेदारालाच साधावे.

या संघातला मला सर्वांत बोलका वाटणारा दाखला मात्र जडेजाचा नसून गोव्याच्या स्वप्निल अस्नोडकरचा आहे. रणजी सामन्यांत गोव्याकडून खेळणाऱ्या या बुटक्या सलामीवीराचे नाव पणजी-पर्वरीच्या बाहेर कितीजणांना ठाऊक होते? पहिले काही सामने बाहेर बसवून वॉर्नने त्याला १ मे रोजी जयपुरात कोलकात्याविरुद्ध ग्रॅम स्मिथच्या जोडीला पाठविले, त्याने ३४ चेंडूंत ६० धावा कुटल्या, आणि त्या हंगामात नऊ सामन्यांत ३११. वॉर्नने त्याला ‘गोव्याची तोफ’ म्हणावयास सुरुवात केली. पुढच्या तीन हंगामांत मिळून ११ सामन्यांत ११२ धावा, आणि मग या स्पर्धेतून त्याचे नाव कायमचे गेले. वॉर्न त्या तिन्ही हंगामांत तेथेच होता. अर्थात नव्या माणसाला पहिल्या वर्षी कोणी ओळखत नाही आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या उणिवांची यादी प्रत्येक गोलंदाजाच्या खिशात असते. प्रशिक्षक माणसाला एका उन्हाळ्यात त्याच्या गुणांच्या शिखरावर नेऊ शकतो, पण ते शिखर उंच करू शकत नाही.

संघाचेही तेच झाले. २००९ मध्ये तन्वीर नव्हता, कारण मुंबईवरील हल्ल्यानंतर पाकिस्तानी खेळाडूंची दारे बंद झाली. वॉटसन ऑस्ट्रेलियाच्या सेवेत होता. लोकसभा निवडणुकीमुळे स्पर्धाच दक्षिण आफ्रिकेत भरल्याने जयपूरचे मैदानही नव्हते. मुखत्यार तोच, फौज निराळी. संघ आठांत सहावा आला, २०१० मध्ये सातवा आणि २०११ मध्ये दहांत सहावा. जे वॉर्नच्या २००८ च्या यशावर ग्रंथ लिहितात ते या तीन वर्षांवर एक पान खर्च करीत नाहीत, याचे मला नवल वाटते.

येथे आपल्या संगीताकडे वळण्याचा मोह होतो, आणि तो मी आवरीत नाही, कारण जयपूर म्हटले की मराठी रसिकाच्या मनात क्रिकेटआधी घराणेच येते. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ जयपूर परिसरातले. पण त्यांची गायकी नांदली कोल्हापुरात आणि मुंबईत, आणि तिला कंठ मिळाले ते गोव्याच्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांचे. दोघींचा गुरू एक, तालीम एक. पण केसरबाईंचा भरदार आकार आणि मोगूबाईंची लयीवरची हुकमत यांत साम्यापेक्षा भेदच अधिक भरतो. गुरूने गुण निर्माण केला असता तर दोघी एकसारख्या गायल्या असत्या. आणि तरी अल्लादिया खाँसाहेबांवाचून या दोघी अशा झाल्या असत्या, असेही कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही. फरक मुदतीचा आहे. केसरबाईंनी १९२१ साली गंडा बांधला आणि ती तालीम वर्षानुवर्षे चालली. व्यावसायिक खेळातील प्रशिक्षकाला मात्र एक हंगाम, फार तर तीन मिळतात. त्याला गुरू म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि गुरूवरही.

कबड्डीचे थोडक्यात सांगतो. जयपूरच्या पिंक पँथर्सनी २०१४ ची पहिली स्पर्धा नवनीत गौतमच्या नेतृत्वाखाली जिंकली. दुसरे अजिंक्यपद २०२२ च्या डिसेंबरात पुण्याच्या पलटणला ३३-२९ असे हरवून मिळाले. त्या वर्षी ज्याच्या चढायांनी सर्वांना नमविले तो अर्जुन देशवाल व्यावसायिक कबड्डीत प्रथम उतरला होता मुंबईच्या संघातून. मुंबईने त्याला ठेवले नाही, जयपूरने प्रमुख चढाईपटू म्हणून नेमले. तोच माणूस, तेच पाय.

आता पुन्हा पॉपोविचकडे. डंकन निवडीत पहिल्या क्रमांकाचा होता. त्याला ओळखण्यासाठी प्रज्ञा लागत नव्हती, फक्त चिठ्ठी निघावी लागत होती. पण त्याच्या संघाचा दुसरा महान खेळाडू, अर्जेंटिनाचा मानू जिनोबिली, १९९९ च्या निवडीत ५७ व्या क्रमांकावर घेतला गेला, जेव्हा यादीत त्याच्यामागे केवळ एकच स्थान उरले होते. पुढे त्याच्यासारख्या खेळाडूला वर्षानुवर्षे राखीव फळीतून मैदानात उतरावयास सांगून त्यातच त्याचे सामर्थ्य फुलविणे, हे पॉपोविचचे खरे कर्तृत्व. माझे मत असे, की प्रशिक्षकाची किंमत पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूवर ठरवूच नये. सत्तावन्नाव्या क्रमांकावर ठरवावी. आणि त्यालाही मर्यादा आहे. पंजाबातील बल्लोके गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा सतनाम सिंह लुधियानात आणि मग अमेरिकेतल्या अकादमीत उत्तम गुरूंच्या हाती वाढला, २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. पण पॉपोविच-डंकनच्या त्या लीगमधला एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही.

या मापाने २०२५ चा जयपूरचा क्रिकेट-हंगाम पाहण्याजोगा आहे. प्रशिक्षकपदी राहुल द्रविड, पायाला दुखापत झालेली, चाकांच्या खुर्चीत बसून सरावाला येणारे. २८ एप्रिलला सवाई मानसिंह मैदानावर बिहारच्या चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक पुरे केले तेव्हा द्रविड भान विसरून खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या शतकात द्रविडांचे किती? चेंडू सीमेपार भिरकावण्याची ती शक्ती त्यांनी दिलेली नव्हती. पण तेरा वर्षांच्या पोराला नागपूरच्या चाचणीत पाहणे, त्याच्यावर लिलावात एक कोटी दहा लाख लावणे, आणि मग त्याला खरोखर मैदानात उतरविणे ही तजवीज संघव्यवस्थेची होती. नागपूरजवळ तळेगावात संघाने उभारलेल्या प्रशिक्षण केंद्रामागची दृष्टीही तीच, आणि यशस्वी जैस्वालची फलंदाजी तेथेच घोटून घेतली गेली आहे. हा संघ त्या हंगामात दहांत नववा आला.

गुणतालिका पाहणाऱ्यांना एवढेच दिसले. ऑगस्टअखेर द्रविड पायउतार झाले. संघाने त्यांना अधिक व्यापक जबाबदारी देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. नोव्हेंबरात कुमार संगकारा पुन्हा प्रशिक्षकपदी आले, आणि खेळाडूंच्या अदलाबदलीत रवींद्र जडेजा चौदा कोटींना चेन्नईहून जयपूरला परतला. सूर्यवंशीला संघाने राखून ठेवले आहे.