महासमुद्र आणि सद्धम्म



दरवर्षी ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, आपल्या शेळगावातून आणि इंदापूर-बारामतीच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे दादरच्या चैत्यभूमीकडे निघतात. कोणी एस.टी.ने, कोणी रेल्वेने, भाकरीची गाठोडी बांधून, लेकरे कडेवर घेऊन. तासन् तास रांगेत उभे राहून परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांना अभिवादन केले की ही सारी माणसे आपोआप समुद्राकडे वळतात. तिकडे जा असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. वाळूत बसतात, पाण्याकडे पाहत राहतात. प्रवासाचा शीण उतरतो, आणि बोलकी माणसेही गप्प होतात.

वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असताना एका वयोवृद्ध उपासिकेने प्रश्न केला, “गुरुजी, समुद्र बघितला की जीव निवतो. असं का होतं? त्यात काही देवपण हाय का?” प्रश्न साधा वाटला तरी तो धम्माच्या गाभ्याकडे नेणारा आहे. म्हणून आज त्याचाच विचार करू.

प्रथम देवपणाचे पाहू. समुद्रात देव नाही. भरती-ओहोटी वरुणाच्या लहरीने होत नाही. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाने पाणी चढते आणि उतरते, आणि आपल्या किनाऱ्यावर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती येते. कारण असले की कार्य घडते, कारण नसले की घडत नाही, हाच तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद. तेव्हा समुद्रात नारळ सोडावा, पैसा टाकावा, बाटलीत पाणी भरून तीर्थ म्हणून घरी न्यावे असे कोणाच्या मनात आले, तर त्याने बाविसांपैकी आपण कोणत्या प्रतिज्ञा घेतल्या आहेत त्या क्षणभर आठवाव्यात. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी ना तहान भागवते, ना पाप धुते.

मग जीव निवतो तो कशाने? आपण गावात राहतो तेव्हा आपली नजर सारखी अडत असते. भिंतीला अडते, बांधाला अडते, उसाच्या फडाला अडते. समुद्रापुढे ती कशालाच अडत नाही, म्हणून डोळा सैल होतो. लाटेचा आवाज एका लयीत येतो. त्यात दचकण्यासारखे काही नसते, म्हणून कान पहारा सोडतो. लाट येते आणि जाते, श्वास येतो आणि जातो. बसलेल्या माणसाचा श्वास नकळत संथ होतो आणि श्वासामागे चित्तही संथ होते. यात चमत्कार नाही, हा शरीर-मनाचा नियम आहे.

परंतु बंधूंनो, आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते अधिक खोल आहे. पाणी म्हटले की आपल्या पूर्वजांना काय आठवत असे? विहिरीपासून दूर ठेवलेली घागर. वरून कोणी ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचे पाणी. महाडचे चवदार तळे गुराढोरांना मोकळे होते, पण माणसांना बंद होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याची ओंजळ उचलली आणि त्या ओंजळीसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, म्हणजे मार्च १९३७ पर्यंत, दहा वर्षे झगडावे लागले. आजही आपल्या भागात पाणी म्हणजे नीरेच्या कालव्याची पाळी, पाटकरी आणि पाणीअर्ज. पाणी कोणाच्या तरी मालकीचे आणि कोणाच्या तरी मर्जीचे, हेच आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. अशा माणसाला अकस्मात एवढे अफाट पाणी दिसते, आणि त्या पाण्यावर कोणी पहारेकरी नसतो. तू कोणाचा, असे ते पाणी विचारत नाही. तिथे आपल्या माणसाचा जीव निवला तर त्यात नवल काय?

याच समुद्राने आपल्या चळवळीला वाटही दिली आहे. धर्मशास्त्रांनी समुद्रप्रवास निषिद्ध ठरवला होता. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, असे ते सांगत. ज्यांना आधीच बाटलेले ठरवले होते त्यांना या निषेधाचे भय कसले? १९१३ साली बाबासाहेब समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि माणसाला माणूस म्हणून वागवणारे जग त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला जाताना मोटारवाले अडवणूक करतील हे ओळखून ते आणि त्यांचे सहकारी मुंबईहून पद्मावती बोटीने दासगाव बंदरात उतरले. तेथून सुमारे पाच मैल पायी चालत ते महाडला पोचले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याची वाट अडवणारे होते, पण समुद्राची वाट त्यांना अडवता आली नाही.

आता तथागतांकडे वळू. श्रावस्तीला विशाखेने दान दिलेल्या पूर्वारामात उपोसथाची रात्र होती. भिक्षुसंघ बसला होता, पण भगवंत पातिमोक्ख सांगत नव्हते. आनंदाने तीन वेळा विनंती केली. भगवंत म्हणाले की परिषद शुद्ध नाही. तेव्हा महामोग्गल्लानाने संघात बसलेल्या दुराचारी माणसाला ओळखले आणि हाताला धरून बाहेर काढले. त्या रात्री भगवंतांनी महासमुद्राचे आठ गुण सांगितले. समुद्र हळूहळू खोल होत जातो, तसा धम्मही पायरीपायरीने शिकायचा असतो. समुद्र आपली मर्यादा ओलांडत नाही, तसे श्रावक शील ओलांडत नाहीत. समुद्र प्रेताला आत ठेवत नाही, काठावर टाकतो, तसा संघ दुराचाराला पोटात ठेवत नाही. कितीही पाणी आले तरी समुद्र वाढल्यासारखा किंवा घटल्यासारखा दिसत नाही, तसेच निर्वाणाचे आहे. त्यात रत्ने असतात, प्रचंड जलचर असतात, तशी धम्मात बोधीची रत्ने आणि थोर साधक असतात.

उरलेल्या दोन गुणांवर आपल्याला थांबायचे आहे. पहिला हा, की गंगा, यमुना, अचिरवती, शरभू, मही या नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांचे नाव आणि कूळ संपते, मग त्या फक्त समुद्र होतात. तसे चारी वर्णांचे लोक संघात आले की जुने नाव-गोत्र टाकून केवळ शाक्यपुत्र म्हणवतात. दुसरा हा, की समुद्राला एकच चव, खारटपणाची. धम्माला एकच चव, विमुक्तीची. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात, दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, बाबासाहेबांनी नद्या आणि समुद्राचा हाच दृष्टान्त लोकांपुढे ठेवला. भगवंतांनी तो नुसता सांगितला नव्हता, करूनही दाखवला होता. उपाली न्हावी आणि शाक्य राजपुत्र एकाच वेळी प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा उपालीला आधी दीक्षा मिळाली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. सुनीत भंगी होता, रस्ते झाडत होता. तोही त्याच समुद्रात आला.

आपल्याच नद्यांकडे पाहा. इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा. कोरेगावच्या जयस्तंभाजवळून वाहते तीच ही भीमा. नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते आणि तिचे नाव संपते. पुढे रायचूरकडे भीमा कृष्णेला मिळते आणि तिचेही नाव संपते. शेवटी कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. नाव गेले म्हणून कोणत्या नदीचे पाणी वाया गेले? उलट नावाला धरून राहिले ते पाणी डबक्यात राहिले आणि कुजले.

म्हणून आज आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. आपला विहार समुद्र आहे की तळे? ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या त्याच किनाऱ्यावर, बाबासाहेबांच्या चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी एक लाखाहून अधिक लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या गर्दीत कोण कोणत्या पोटजातीचा, असे कोणी विचारले होते काय? मग सोयरीक जमवताना आपल्या ओठांवर पोटजात येते कशी? एखादे मातंग कुटुंब, एखादे कैकाडी किंवा धनगर कुटुंब धम्माच्या ओढीने विहाराच्या पायरीशी येते, तेव्हा आपण त्यांना उपासक म्हणून हाक मारतो की त्यांच्या जुन्या जातीच्या नावाने? त्यांच्या घरचे जेवण जेवतो का? त्यांच्या मुलीला सून करून घेतो का? नवीन आलेल्याला आपण शेवटच्या रांगेत बसवत असू, तर चवदार तळ्याचे पहारेकरी गेले आणि त्यांच्या जागी आपण उभे राहिलो, असेच म्हणावे लागेल. हे ऐकायला कडू आहे, पण समुद्राचे पाणीही खारटच असते.

कोणी म्हणेल, सवलतीच्या कागदावर जात लिहावीच लागते. लिहावी, तो घटनेने दिलेला हक्क आहे. १९९० साली बौद्धांनाही तो हक्क मिळाला आणि तो सोडायचे कारण नाही. पण कागदावरचे नाव कागदावर राहू द्या. ते पंगतीत, लग्नमंडपात आणि विहारात आणू नका.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे पुन्हा एकदा. समुद्राकाठी मिळते ती शांती खरी, पण उसनी आहे. गाडीत बसून गावी परतलो, उधारीचा कागद हाती आला, भावकीचे भांडण कानी पडले की ती ओसरते. सुखद वेदनाही अनित्यच. जी शांती मिळवायला शेकडो किलोमीटर जावे लागते, ती आपल्या मालकीची नव्हे. आणि समुद्रालाही रौद्र रूप आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी लाटांनी अनेक देशांत दोन लाखांहून अधिक माणसे नेली. म्हणून भगवंतांनी समुद्राला शरण जा असे सांगितले नाही. त्यांनी स्वतःच्या श्वासाकडे पाहायला शिकवले. आनापानसतीला वाळू लागत नाही की भाडे लागत नाही. पहाटे चूल पेटण्याआधी, किंवा शेतातून आल्यावर हातपाय धुऊन, पंधरा मिनिटे पाठ ताठ करून बसा. श्वास आत आला हे जाणा, बाहेर गेला हे जाणा. मन भटकले तर रागावू नका, परत आणा. लाट जशी न रागावता पुन्हा काठाशी येते, तसे पुन्हा या. पौर्णिमेला विहारात सर्वांनी मिळून हे करा, मुलांनाही शेजारी बसवा.

पण केवळ डोळे मिटून बसणे म्हणजे धम्म नव्हे. भगवंतांनी एकदा भिक्षूंना विचारले होते की या दीर्घ संसारात माणसांनी ढाळलेले अश्रू अधिक की चार महासमुद्रांचे पाणी अधिक? आणि अश्रूच अधिक, असे उत्तर होते. त्या अश्रूंमध्ये आपल्या आयाबायांचे अश्रू किती असतील! स्वतःचा श्वास संथ झाला आणि शेजाऱ्याचे डोळे पुसायला हात पुढे झाला नाही, तर त्या शांतीचा उपयोग काय? शीलाने बांधलेली, करुणेने वाहणारी शांती हीच बौद्धाची शांती.

तेव्हा येत्या ६ डिसेंबरला दादरला जाल तेव्हा समुद्राकाठी अवश्य बसा, डोळे भरून पाहा. आणि परत येताना बाटलीत पाणी आणू नका. त्याचे दोन गुण तेवढे आणा. आलेल्या प्रत्येकाला सामावून घेणे हा एक, आणि एकच चव राखणे हा दुसरा. ते गुण शेळगावच्या विहारात नांदू लागले, तर समुद्र कधीच न पाहिलेल्या माणसाचाही जीव तिथे निवेल.

नमो बुद्धाय! जय भीम!

— एक शिक्षक, शेळगाव (ता. इंदापूर, जि. पुणे)