नाव कोणाचं घालायचं?

आमच्या शेजारचे नाना लेकाकडे बर्लिनला जाऊन आले. तिथल्या म्युझियममधल्या डायनोसॉरचे फोटो त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला दाखवले. फोटोत एक तर नाना येतात, नाहीतर त्याची मान; दोघं मिळून एकातही नाहीत. जिराफाटायटन त्याचं नाव. सांगाडा सव्वातेरा मीटर उंच. म्हणजे आमच्या चौथ्या मजल्यावरची तुळस खाली उभ्या-उभ्या फस्त करील! पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी.

नानांना कौतुक उंचीचं. माझं लक्ष नावाकडे. आमच्या घरात वाटीवरसुद्धा नाव घातलेलं असे. ते देणाऱ्याचं, जन्मभर ती घासणारीचं कधीच नाही.

हाडं निघाली आजच्या टांझानियात, तेंडागुरू टेकडीवर, १९०९ ते १९१३ या काळात. तेव्हा तिथे जर्मनांचं राज्य. १९०५ ते १९०७ चा माजी माजी उठाव चिरडून फार दिवस झाले नव्हते. त्सेत्से माशीपुढे ओझ्याची जनावरं टिकत नसत. माणसं टिकतात, हा सगळ्याच साम्राज्यांचा अनुभव. तेव्हा सव्वादोनशे टनांच्या वर माल माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून लिंडी बंदराला गेला. एकेक खेप म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट. हाडं पंधरा कोटी वर्षांची असली तरी ओझं त्या दिवसाचं, ताजंच!

१९१४ साली बारसं झालं. वेर्नर यानेन्श यांनी नाव ठेवलं ब्राकिओसॉरस ब्रांकाई. ब्रांका म्हणजे बर्लिनच्या म्युझियमचे संचालक. मोहिमेमागची खटपट त्यांची, ते कोण नाकारतो? पण नाव ओझं वाहणाऱ्याचं घालायचं, की वाहायला लावणाऱ्याचं? पुढे हा अमेरिकेतल्या ब्राकिओसॉरसचा सख्खा नव्हे, चुलत, असं २००९ साली साधार मांडलं गेलं. ब्राकिओसॉरस गेलं. ब्रांकाई मात्र राहिलं. शास्त्राचा नियमच तसा आहे.

“हमालांची नावं कुठे आहेत हो?” मी नानांना विचारलं.

“अहो, एवढ्यांची नावं घालायची तर हाडं पुरायची नाहीत!”

उत्तर बिनतोड वाटलं खरं. पण मजुरांच्या मुकादमाचं नाव नोंदलेलं आहे: बोहेती बिन अम्रानी. हाडं साफ करण्यातला तो जाणकार. त्याच तेंडागुरूच्या एका लांबमान्या डायनोसॉरला २००७ साली त्याचं नाव दिलं गेलं, ऑस्ट्रॅलोडोकस बोहेतिआय. मी हे नानांना जरा विजयी मुद्रेनेच सांगितलं.

“असं? मग त्याचा सांगाडा केवढा?”

सांगाडा नाही. मानेचे दोन मणके आहेत.