नातवाची शाळा आणि आमचं गाव

"इथं काय कमी हाये?" गेल्या वर्षभरात पारावर, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला, की उत्तर एकदा लिहूनच ठेवावं म्हणतो. प्रश्न माझ्या सात वर्षांच्या नातवाचा आहे. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली, ऑटिझम म्हणतात तो. त्याच्या शाळेसाठी सुनेनं पोरं घेऊन नाशकात खोली करून राहायचं, की निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यातच त्याला वाढू द्यायचं?

गावाच्या बाजूनं बोलायला पुष्कळ आहे. पोरगं रस्त्यानं एकटं निघालं, तर चार जण हाताला धरून घरी आणतात. कुकरच्या शिट्टीला तो कान दाबून घेतो, लग्नातल्या डीजेला तर लोळण घेतो, पण मळ्यात तसला गोंगाट नाही. कांद्याच्या चाळीत बसवला, तर गोल्टी एकीकडं, मोठा कांदा एकीकडं करतो आणि चुकत नाही. म्हाताऱ्या बाया त्याला "देवाचं लेकरू" म्हणतात.

माझी शंका या शब्दापासूनच सुरू झाली. देवाच्या लेकराकडून कुणी काही मागत नाही. त्यानं हंड्याकडं नुसतं बघितलं, की कुणीतरी तांब्या हातात देतं. फळीकडं बघितलं, की मुरमुरे येतात. मग त्यानं बोलावं कशाला? नाशकात आम्ही एका विशेष शिक्षिकेकडं न्यायला लागलो, तर त्या बाईंनी मुरमुऱ्याची बरणी समोर ठेवली आणि शेजारी मुरमुऱ्याचं चित्र. चित्र उचलून हातात दिलं, की मूठभर मुरमुरे. पहिल्या दिवशी तो रडला आणि आमची सूनही रडली. हिनं तर बाईंना कठोर म्हणून टाकलं. महिन्याभरानं त्यानं आपणहून चित्र उचललं. सात वर्षांत त्यानं कुणाकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं. गावानं त्याला प्रेम कमी दिलं नाही, पण त्याच्याकडून अपेक्षा मात्र कुणी धरली नव्हती. अपेक्षा न धरणं हा मान आहे का? मला तरी तसं वाटत नाही.

गाव सुरक्षित, हेही अर्धंच खरं. आमच्याकडं मळ्यामळ्यात शेततळी झाली. त्यातला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला, की धट्ट्याकट्ट्या माणसालाही वर चढता येत नाही. आणि असल्या पुष्कळ पोरांना पाण्याची ओढ भारी. आमच्या तळ्याला जाळी मारली, आत दोर सोडले. शेजाऱ्यांच्या तळ्यांचं काय करावं?

कायदा बघावा, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता धरलेली आहे. ठरलेल्या प्रमाणाच्या वर अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत. निवड दिली आहे. पण निवड म्हणायची, तर दोन्हीकडं काहीतरी पाहिजे. आमच्या झेडपीच्या शाळेतले गुरुजी भला माणूस. पण दोन वर्ग एकत्र सांभाळतात. ते त्याला बसवून घेतात, पण शिकवणार कधी? विशेष शिक्षक फिरते असतात, पाळी येईल तेव्हा येतात. या पोराला तर रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेच लागतं. शाळेनं पोरापर्यंत यावं, हेच न्यायाचं, असं मी आजही म्हणतो. पण न्याय गावात यायला दहा वर्षं लागली, तर ती दहा वर्षं माझ्या वयातून जाणार नाहीत, त्याच्या जातील.

नाशकातच रजनीताई लिमये होऊन गेल्या. मुलगा मतिमंद, तेव्हाचा शब्दच तो. स्वतः शिक्षिका होत्या. त्यांनी १९७७ साली प्रबोधिनीची शाळा काढली आणि कितीतरी परक्या पोरांची सोय झाली. लोक मला हे उदाहरण देतात. बाई मोठ्याच. पण प्रत्येक आईनं शाळाच काढावी, असं थोडंच आहे? आमची सून बारावी शिकलेली, द्राक्षाच्या बागेत राबणारी. तिनं पंचवटीत दोन खोल्या घेऊन पोराला रोज वेळेवर शाळेत पोचवलं, तरी माझ्या लेखी ते कमी नाही.

तर जूनपासून ती जाणार, हे ठरलं. पोरगा इथंच राहील. गोडी छाटणी झाली, की माल निघेपर्यंत बाग सोडता येत नाही. एका म्हशीचं दूध भाड्यात जाईल. शनिवारी-रविवारी आणि सुट्टीला नातवाला गावी आणायचंच, असा माझा हट्ट आहे, कारण शाळा संपते, गाव नाही. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे कलेक्टरच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. सातबाऱ्यावर नाव चढेल, पण त्याच्या वतीनं सही कोण करणार, हे आम्ही असतानाच बघावं लागेल.

एक जण म्हणाले, कांद्याचं रोप उपटून लावतोच की आपण. उपमा बरी आहे, पण रोपाला बहीण नसते. नात अकरा वर्षांची. तिची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिची शेळी, सगळं इथं. तिलाही जावं लागणार. तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "जाईन, पण मोठी झाल्यावर त्याला मीच सांभाळायचं का?" घरातलं कुणी काही बोललं नाही. मी तिला म्हटलं, तसं वचन तुझ्याकडून कुणी मागणार नाही, आणि मागितलं तर देऊ नको. यावर हिनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.