हरियाणातली झाडं आणि निकोबारचं जंगल

ग्रेट निकोबार बेटावरचं 130 चौरस किलोमीटर जंगल विकासासाठी द्यायचं आणि त्याच्या बदल्यात हरियाणात झाडं लावायची, असा हिशेब सरकारदरबारी मांडला गेला आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती छपाईतली चूक वाटली. ती चूक नव्हती. तोडायच्या झाडांचा सरकारी आकडा आधी साडेआठ लाख होता, नंतर तो साडेनऊ लाखांच्या पुढे गेला. आणि या सगळ्याला कागदोपत्री शब्द आहे, ‘भरपाई’.

म्हैस दगावली तर भरपाई होते, कारण बाजारात दुसरी म्हैस मिळते. विषुववृत्ताजवळच्या सदाहरित वर्षावनाला अरवलीच्या कोरड्या माळावर पर्याय कुठून मिळणार?

बेत मोठा आहे. गॅलाथिया नदीच्या मुखाशी मालवाहू जहाजांचं बंदर, शिवाय विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर. आधीचा अंदाजच 72 हजार कोटींचा होता. 2011च्या जनगणनेत जिथे जेमतेम आठ हजार माणसं होती, तिथे पुढच्या तीस वर्षांत साडेतीन लाख वसवायची आहेत.

हे बंदर ज्या वाळूवर येणार, तिथे रात्री काय घडतं ते बघा. लेदरबॅक कासवाची मादी पाण्याबाहेर येते. जगातलं सर्वांत मोठं कासव हे. पाठीवर टणक कवच नाही, काळं चिवट कातडं. पाण्यात विजेसारखं फिरणारं ते अंग वाळूवर स्वतःच्याच वजनाने दबतं. दोन ढांगा सरकते, थांबते, श्वास घेते. जागा पसंत पडली की मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हातभर खोल खड्डा उकरते, अंडी घालते, वाळू लोटून तो बुजवते आणि मागे न बघता समुद्रात जाते. 2004च्या त्सुनामीने हा किनारा पार धुऊन नेला होता. पुढे वाळू पुन्हा साठली आणि कासवं परत आली. निसर्गाने ते नुकसान भरून काढलं, पण काँक्रीटखाली गेलेली वाळू तो परत आणू शकणार नाही.

या किनाऱ्याला अभयारण्याचं संरक्षण होतं. जानेवारी 2021मध्ये ते काढून घेतलं गेलं. पुढच्या काही आठवड्यांतच केंद्राने समुद्री कासवांच्या रक्षणाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि त्यात हाच किनारा महत्त्वाचा म्हणून नोंदवला! एकाच सरकारच्या या दोन कागदांपैकी खरा कोणता?

माणसांशी झालेला व्यवहार तर याहून वाईट आहे. जंगलात शोंपेन आदिवासी राहतात, मोजून अडीचशेच्या आसपास. बाहेरच्यांचा साधा फ्लूसुद्धा त्यांना झेपणारा नाही. किनाऱ्यावरच्या निकोबारींना त्सुनामीनंतर सरकारी वस्त्यांमध्ये आणून ठेवलं. आपल्या जुन्या गावी, आपल्या नारळांत परत जाऊ द्या, असं ते तेव्हापासून मागत आहेत. त्यांच्या आदिवासी परिषदेने 2022च्या ऑगस्टमध्ये ना-हरकत दिली आणि नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली. आपली जुनी गावंही प्रकल्पात जाणार हे त्यांना आधी नीट सांगितलंच नव्हतं. अंधारात ठेवून घेतलेल्या होकाराला संमती म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात.

देशाच्या सुरक्षेचं काय, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या वाटेवर नजर हवीच. त्यासाठी याच बेटावर 2012पासून नौदलाचा ‘आयएनएस बाझ’ हा हवाई तळ आहे. तळ वाढवायचा तर वाढवा. पण लाखोंचं शहर आणि कंटेनरचं बंदर म्हणजे संरक्षण नव्हे. मोठ्या जहाजांसाठी केरळात विळिंजमचं खोल बंदर आता सुरू झालं आहे. शिवाय ही जमीन भूकंपाच्या सर्वांत धोकादायक पट्ट्यातली. 2004मध्ये बेटाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सुमारे चार मीटर खाली खचलं. तिथे लाखो माणसं नेऊन ठेवायची?

आपल्याला हे नवं नाही. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशीच्या मावळ्यांची जमीन पाण्याखाली घालायचं ठरलं, तेव्हा 1921मध्ये सेनापती बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. धरण झालंच. पण मुळशीच्या बाजूने उभं राहणं चूक होतं, असं आज एकही मराठी माणूस म्हणणार नाही. निकोबारींची मतं मोजायला गेलं तर ती एका वॉर्डाएवढीही भरत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी बोलायची जबाबदारी आपली जास्त.

वेळासच्या किनाऱ्यावर पोरांना कासवाची पिल्लं दाखवायला आपण हौसेने जातो. त्याच हौसेने आपल्या खासदाराला एक पत्र लिहा. एवढंच विचारा: आदिवासी परिषदेने मागे घेतलेली संमती पुन्हा मिळाली आहे का? मिळाली नसेल, तर झाडाला कुऱ्हाड लावू नका.