किती पैशांत झाली?

माउली, आपल्यापैकी कोणाचा नातू जर्मनीत शिकतो आणि नाताळच्या सुट्टीत फिनलंडची राजधानी हेलसिंकी पाहायला जातो, असे धरा. डिसेंबरअखेर तिथे दिवस सहा तासांचाही नसतो. बाहेर बर्फ, आणि हॉटेलात बसून जेवणे विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही. मग तो दुकानातला पाव घेतो, नळाचे पाणी बाटलीत भरतो आणि ओडी नावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसतो. 2018 साली उघडलेली ही भली मोठी वास्तू. आत ऊब, बसायला जागा, पैसे कोणी मागत नाही. फोनवर तो अभिमानाने सांगतो, "मी किती स्वस्तात सहल केली!"

काटकसर चांगलीच. पण त्या 'मी'पाशी थोडे थांबू. ती ऊब फुकट नव्हती. तिथल्या लोकांनी कर भरला म्हणून ती होती, आणि त्यांतल्या कोणाला हा मुलगा ठाऊकही नाही.

आणि आपण? पंढरीच्या वाटेवर पिठले-भाकरी वाढणारी माय तरी आपले नाव कुठे विचारते? घरी आल्यावर आपणही सांगतोच, इतक्या-इतक्या रुपयांत वारी झाली. तिच्या चुलीचे सरपण त्या हिशेबात नसते.

घेऊ नये, असे नाही. वाढलेले नाकारणे हाही ताठाच. फेडायचे म्हटले तर ती माय पुन्हा भेटेलच असेही नाही. पण हिशेब सांगताना तिचे नाव घेता येते; नाव ठाऊक नसेल तर गावाचे.

नातवाचा फोन आला की खर्च मागाहून विचारा. तिथे कोणी काय दिले, ते आधी विचारा.